वालूरच्या पिपातला पडदा

मी पडदा बोलायलोय. खिडकीचा न्हाई, पाणी गाळायचा. हळू बोलतो, कारण मला लय भेव वाटायलंय.

माझा जन्म परभणीच्या एका कॉलेजात, काचेच्या बशीत झाला. नागनाथ नावाच्या पोरानं मला कागदासारखं पातळ थापलं अन् कसल्याशा औषधात बुडवलं. माझ्या अंगाला जणू बारीक आकडे फुटले. पाणी जाऊ द्यायचं, शिसं धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

नागनाथचा मामा बिरू वालूरला मेंढरं राखायचा. त्याच्या हिरीशेजारी एकजण मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. ते झिरपून हिरीत उतरलं. मेंढरं गरगर फिरून पडायला लागली. म्हणून नागनाथनं मला मामाच्या पाण्याच्या पिपात बसवलं.

"मामी, ह्याला हात लावू नका. ह्याच्यात इख साठणार हाय."

"बरं बरं. तू आदी भाकर खा," कासाबाई म्हणल्या.

मेंढरं सावरली. मी मात्र रोज इखानं भरत गेलो. लेकरं माझ्याखालनं तांब्या भरायची अन् माझा जीव वरखाली व्हायचा. मला आंबट सोसत न्हाई. आंबट लागलं की पकड सुटती.

घटस्थापना आली. कासाबाईंनी तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं लखलखीत केली. मग माझ्याकडं बघितलं.

"पाणी साफ करतंय अन् सोता किती कळकट! देवी काय म्हणंल?"

मी ओरडलो. पडद्याचं कोण ऐकतंय? मूठभर चिंच चोळून, न धुता मला परत पिपात बसवलं अन् वरनं घागर ओतली. जमवलेलं सगळं इख खाली गेलं.

तांब्या भरला. तेवढ्यात दारात नागनाथ. पाव्हण्याच्या आदी घरात कुणी पाणी पेत न्हाई. तोच तांब्या त्याच्या हातात.

त्यानं घोट तोंडात घेतला. आंबट लागला. भिताडावर थुंकला.

"मामी, ह्याला काय केलं?"

"चिंचेनं घासलं. काऊन?"

"आजून कुणी पेलंय?"

"तू पैला."

त्यानं मला अन् ते पाणी बरणीत घातलं, तोंड मेणानं बंद केलं, मेंढरांच्या वाड्यामागं पुरलं. वर दगड ठेवला. कुणी हात लावू नये म्हणून दगडाला शेंदूर फासला. शेंदूरही शिशाचाच, पण घरात लाल तेवढंच होतं.

दसऱ्यापर्यंत तिथं नारळ फुटायला लागले.

बिरू ओरडून सांगायलाय, "आरं, इख हाय त्याच्यात!"

लोक म्हणायलेत, "कडक देव हाय."

आज म्हातारा सटवाजी कुदळ घेऊन आलाय. "देव मातीत कशाला? वर काढू, ओट्यावर बसवू, समद्याला तीर्थ देऊ." विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदनं एसट्या उभ्या हायत, नागनाथ परभणीत अडकलाय. बिरूला चौघांनी धरून ठेवलंय.

बरणीवर कुदळ टक्क वाजली.

तुमी वालूरकडं आलात तर माझं एवढंच ऐका. बरणीतलंच पाणी तीर्थ म्हणून देतील. हात पुढं करू नका.