दारात सापडलेली बोटं

शिडीबाईला मुकी समजणारे लोक पुष्कळ होते, आणि त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. खोक्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ती पंचिंग मशीनवर उभी राहिली, पण तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. उंचीवरून पडलेलं हे नावसुद्धा तिनं निमूट घेतलं होतं.

त्या काळी खोकी बरीचशी हातानंच घडत. मशीनचा जबडा उघडला की पुठ्ठा आत सरकवायचा, मिटून पुन्हा उघडला की काढून घ्यायचा. हात आत जाऊ नये म्हणून जबड्यापुढे एक जाळी होती. ती खाली-वर करण्यात वेळ मोडतो म्हणून मुकादमानं ती सुतळीनं वर बांधून टाकलेली. बायकांच्या गप्पांना ऊत यायचा, हसून हसून त्या छप्पर डोक्यावर घ्यायच्या, आणि हात आपले चाललेले असायचे.

एका सकाळी पुठ्ठा तिरका गेला. तो सरळ करायला शिडीबाईचा उजवा हात आत गेला, आणि जबडा मिटला. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची पेरं गेली.

मुकादमानंच तिला टेम्पोत घालून इस्पितळात नेलं. वाटेत म्हणाला, “दारात सापडली म्हण. घरच्या दारात. नाहीतर नसत्या चौकशा मागे लागतील. मालक बघतील सगळं.”

तिनं तसंच सांगितलं. भीतीनं नव्हे, तिथली रीतच होती ती. कारखान्याची अब्रू ती आपली अब्रू, हे जुन्या बायका नव्या बाईला पहिल्याच आठवड्यात शिकवत. शिडीबाईनंही कितीजणींना शिकवलं होतं.

तीन आठवड्यांनी मुकादम घरी आला. एका हातात पिशवीभर फळं, दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद.

“इथं अंगठा दे. डावा चालेल.”

“काय लिहिलंय?”

“नेहमीचंच गं. दुखापत घरी झाली, कारखान्याकडे काही मागणं नाही. मालक दिलदार आहेत, तुला झाडलोटीला ठेवून घेतील.”

“आणि अंगठा नाही दिला तर?”

“मग झाडूही नाही.”

शिडीबाईची थोरली नणंद चहा गाळत होती. ती इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर कारकून होती, आणि जीभ अशी की सुरीला धार लावून घ्यावी.

“मुकादम, कागद ठेवून जा. वहिनी वाचेल. फारच घाई असेल तर तुमचाच अंगठा उमटवा, तोही डावाच असेल.”

तो गेल्यावर शिडीबाई म्हणाली, “वन्सं, दार म्हणून मीच सांगितलं ना? आता कुठल्या तोंडानं बदलू?”

“त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार आहेस? ऐक, कामगार कार्यालयात मी विचारून आलेय. कामाच्या वेळेत, काम करताना लागलं की भरपाई देणं मालकावर बंधनकारक असतं. तो उपकार नव्हे, तुझा हक्क आहे. इस्पितळात खोटं बोललीस म्हणून हक्क मरत नाही, पण ते खोटं होतं हे दाखवावं लागेल. आणि अर्जाला मुदत असते. रडत बसलीस तर ती तुझ्यासाठी थांबणार नाही.”

“दाखवू कसं? पाहणाऱ्या सगळ्या मुकादमाच्या मुठीत.”

नणंदेनं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. “खिडकीवरची नोंद मला बाहेर बोलता येत नाही. पण तुमच्यातल्या किती बायका पेला वेगळ्याच बोटांनी धरतात, ते तू आठव.”

शिडीबाईनं आठवलं. खळ लावणारी. गठ्ठे बांधणारी. काम सोडून गेलेल्या दोघी बहिणी. सगळ्यांचा उजवाच हात. सगळ्यांची घरच्या दारात सापडलेली बोटं.

गठ्ठेवालीनं तिला उंबऱ्यावरच अडवलं. “दार म्हण, असं तूच शिकवलं होतंस मला!”

“हो, मीच. म्हणून तर आले. शिव्या मागाहून दे, आधी केसपेपर दे.”

“दोन्ही आत्ताच देते,” गठ्ठेवाली म्हणाली, आणि खरंच दोन्ही दिलं.

अर्ज गेला. कामगार कार्यालयातल्या सुनावणीला मालक आलाच नाही, मुकादमाला पाठवलं.

“साहेब, बाई स्वतःच्या तोंडानं दारात म्हणाली,” मुकादमानं सांगितलं.

अधिकाऱ्यानं पाच केसपेपर टेबलावर ओळीनं मांडले. “पाच बायका, चार घरं. प्रत्येकीचा उजवा हात, तीच दोन बोटं. दारं कुठल्या सुतारानं केली हो?”

बाकावरच्या बायका फिसकन हसल्या.

“योगायोग, साहेब.”

“असेल. पण इस्पितळात आणणारा म्हणून पाचही कागदांवर तुमचं नाव आहे. बायकांची घरची दारं लागली की तुम्हाला वर्दी कोण देतं?”

मुकादम शिडीबाईच्या कानाशी वाकला. “पोटावर पाय देऊ नकोस स्वतःच्या. अजून वेळ गेलेली नाही.”

शिडीबाई उठली. ती पूर्ण उभी राहिली की मुकादमाला मान वर करावी लागे.

“साहेब, मी खोटं बोलले. दुसऱ्यांनाही बोलायला शिकवलं, ते पाप माझं. पण जाळी यानं बांधली होती, माझी बोटं मशीननं घेतली, आणि मशीन मालकाचं आहे. लिहून घ्या.”

कारकुनानं लिहून घेतलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

“पेन द्या,” ती म्हणाली.

तिनं डाव्या हातात पेन धरलं. पहिलंच अक्षर रेघ सोडून वर चढलं. कारकून चुळबुळला, “बाई, बाहेर रांग आहे.”

“असू दे.”

मुकादमाच्यानं राहवेना. “उद्यापासून फाटकात पाऊल टाकू नकोस! झाडू नाही, काही नाही!”

शिडीबाईचा हात थांबला. अर्धवट सहीवरून पेन उचलून तिनं कारकुनाकडे पाहिलं.

“हेही लिहा,” ती म्हणाली. “जसं बोलला तसंच. मग सही पुरी करते.”