अकराव्या पट्टीतली फट

"चमकते की नाही, तेवढंच सांगा," क्लाप्रोट म्हणाले आणि त्यांनी जांभळ्या उजेडाचा आपला नवा दिवा लेनी कोटहाउसच्या टेबलावर, तिच्या कॉफीच्या कपाला खेटून, पेटवला.

लेनीने आधी कप उचलून बाजूला ठेवला. मग चष्मा लावला. दिव्याखाली एक जुनी फीत होती, बोटाच्या पेराएवढ्या रुंदीची, एका पत्र्यावर ताणून बसवलेली. लाल, मधोमध काळी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरी. पांढऱ्या रेघा निळसर पेटल्यासारख्या दिसत होत्या.

"चमकते," लेनी म्हणाली.

"झालं तर मग!" क्लाप्रोट शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळले. "मी काय म्हणत होतो, देत्लेफ? चमकते म्हणजे युद्धानंतरची. युद्धानंतरची म्हणजे नकली. आणि नकली वस्तू मंडळाच्या उशीवर जाणार नाही. मला वाईट वाटतं, पण नियम तो नियम."

"तुमची कॉलरही चमकते आहे, हेर क्लाप्रोट," लेनी म्हणाली.

क्लाप्रोटांनी हनुवटी छातीला टेकवून पाहिलं.

"आणि हा टेबलक्लॉथ बघा. माझ्या आईने एकोणीसशे सव्वीस साली विणलाय. आहे की नाही दिवाळखोर डिस्कोसारखा? कपडे धुण्याच्या पावडरीत जे घालतात ना, ते चमकतं. तुमच्या दिव्याला एवढंच कळतं की ही वस्तू कधीतरी कुणीतरी धुतली. बंद करा तो. डोळे दुखतात."

दर शनिवारी दहा ते एक हे असंच चालायचं. जर्मनीतल्या रोन्सडॉर्फच्या छोट्याशा संग्रहालयात जुन्या विणकामाच्या मागांची एक खोली होती आणि त्या खोलीत, चाळीस वर्षं फितींच्या कारखान्यात काढलेली लेनी, जुन्या फिती ओळखायला बसायची. लोक सिगारच्या डब्यांतून आजोबांची पदकं घेऊन यायचे. त्यांना फीत कुठली ते जाणून घ्यायचंच नसायचं. आजोबा शूर होते, एवढं ऐकायचं असायचं. मागच्याच महिन्यात एकजण लोखंडी क्रूस घेऊन आला होता. फीत पांढरी, कडा काळ्या. लेनीने त्याला सांगितलं की लढणाऱ्यांची फीत काळी असून कडा पांढऱ्या असायच्या. ही उलटी फीत प्रत्यक्ष लढाईत नसलेल्यांना मिळायची, तेव्हा आजोबा बहुधा कचेरीत किंवा कोठारात असतील. तो गृहस्थ तडक निघून गेला आणि जाताना लेनीची छत्री घेऊन गेला.

"फ्राऊ कोटहाउस," देत्लेफ बुशर आता पहिल्यांदाच बोलला. बेचाळीस वर्षांचा, शहर बसवरचा चालक; ड्यूटीवरून थेट आला असावा, कारण अंगात तोच निळा कोट होता. "मंगळवारी बाबांना पोहोचवायचंय. मंडळाचा झेंडा येणार, वाजंत्री येणार. शवपेटीपुढे पदकांची उशी धरतात, ते तुम्हाला माहीतच आहे. बाबांची ही एकच फीत. ती उशीवर नसली तर उशी रिकामी जाईल. आणि मग अख्ख्या रोन्सडॉर्फमध्ये म्हणतील, एमिल बुशर पस्तीस वर्षं खोटी फीत बाळगून होता."

"खोटी असेल तर म्हणू देत," क्लाप्रोट म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. निवृत्त विमा अधिकारी, नेमबाज मंडळाच्या झेंड्याची आणि उशीची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि ती त्यांनी कधी हसत पार पाडली नव्हती. "मागून बघा ना तुम्ही! हा पत्रा कुठल्या सोनाराने बसवलाय?"

लेनीने पट्टी उलटी केली. पत्रा बुटाच्या पॉलिशच्या डबीचा होता. आतल्या बाजूला डबीवर छापलेल्या बेडकाचा अर्धा पाय अजून दिसत होता. टाचणीच्या जागी साधी सेफ्टी पिन डाक लावून बसवली होती. डाक मात्र नीट दिला होता.

ती वैतागून काहीतरी बोलणार होती. त्याआधी सवयीने तिने पट्टी पुन्हा सुलटी केली, डोळे मिटले आणि फितीवरून अंगठा फिरवला.

अंगठा थांबला.

तिने पुन्हा फिरवला, उलट दिशेने. मग टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून राहिली. उजवीकडच्या पांढऱ्या रेघेला लागून, जिथे लाल सुरू होतं, तिथे ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांमध्ये केसाएवढी फट होती. सरळ, वरपासून खालपर्यंत.

"काय झालं?" देत्लेफने विचारलं.

"आईचं नाव काय तुमच्या?"

"ट्रूडे. का? बाहेर गाडीत बसलीय. आत यायला तयार नाही."

"नसणारच," लेनी म्हणाली. तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, फीत मुठीत धरली आणि उठली. "तुम्ही दोघं इथेच थांबा. आणि हेर क्लाप्रोट, तो दिवा पुन्हा पेटवलात तर मी तो गटारात टाकीन."

*

पायऱ्या उतरताना तिच्या डोक्यात माग सुरू झाले होते. सात नंबरचा माग एका वेळी चोवीस फिती विणायचा, चोवीस धोटे एकदम आडवे पळायचे. एकोणीसशे अठ्ठावन्नचा फेब्रुवारी. युद्धातली जुनी पदकं स्वस्तिक वगळून नव्या रूपात लावायला सरकारने आदल्याच वर्षी परवानगी दिली होती आणि कारखान्यात लाल, पांढऱ्या, काळ्या धाग्याच्या राशी पडल्या होत्या. त्या गुरुवारी डावीकडून अकराव्या पट्टीच्या, धागे वेगळे राखणाऱ्या फणीचा एक दात वाकला. लेनीच्या हाताला ते लागेपर्यंत बावीस मीटर फीत फट घेऊन बाहेर पडली होती. तिने स्वतः माग थांबवला, स्वतः जाऊन सांगितलं, सगळी फीत गुंडाळून वजनकाट्याशेजारी ठेवली. पदकाची खराब फीत बाहेर जाता कामा नये, जाळायची, असा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी मोजली तर एकवीस मीटर.

एक मीटर कुठे गेला ते तिला सांगता आलं नाही. तिला त्या वसंतात मुकादम करणार होते. बाईला मुकादम करण्याची ती कारखान्यातली पहिलीच वेळ असती. ते राहिलं, ते कायमचंच.

आठ नंबरच्या मागावर ट्रूडे बुशर असायची.

*

गाडीची काच खाली होती. ट्रूडे पुढच्या सीटवर मांडीवर पर्स धरून बसली होती, काळ्या टोपीत. म्हातारी झाली होती. लेनीने मूठ उघडून फीत तिच्या नाकासमोर धरली.

"एक मीटर, ट्रूडे."

ट्रूडेने फितीकडे पाहिलं, मग समोरच्या काचेकडे. "मी देत्लेफला म्हटलं होतं, लेनीकडे नेऊ नको म्हणून. तिचा अंगठा अजून जिवंत असेल म्हटलं."

"माझं मुकादमपण गेलं गं त्यापायी!"

"माहितीय."

"माहितीय? पस्तीस वर्षं माहितीय? दर नाताळच्या बाजारात भेटतेस, वॅफल खातेस माझ्याशेजारी उभी राहून, आणि माहितीय?"

"सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते!"

"मग," ट्रूडे म्हणाली, जणू मुद्दा सिद्ध झाला.

लेनीने गाडीच्या टपावर हात टेकला. रस्त्यापलीकडच्या बेकरीतली पोरगी काचेतून बघत होती. लेनीने आवाज खाली आणला. "विकत घ्यायची होती ना. दुकानात मिळत होती."

"दुकानात कागद मागायचे. पदक मिळाल्याचा दाखला. एमिलचा दाखला रशियात राहिला आणि पदकही. कैदेत सगळं काढून घेतलं. मी त्याला ढकलून दुकानात पाठवला होता, तो जायलाच तयार नव्हता. चार ओळखीची माणसं मागे उभी, आणि दुकानदार मोठ्याने म्हणतो, 'कागद नाही? मग असं कुणीही येऊन सांगेल.' घरी आला आणि जेवला नाही. दोन दिवस." तिने पर्सची कडी उघडली, बंद केली. "तिसऱ्या दिवशी तुझी फणी वाकली."

"म्हणजे माझीच चूक."

"फणीची चूक. जाळणारच होते ती. मी गळ्यात गुंडाळली, वर मफलर."

"आणि कसलं पदक गं हे? रशियातल्या त्या हिवाळ्याचं. माझा भाऊ कार्ल याला गोठलेल्या मटणाचं पदक म्हणायचा. तिथे बोलावलं होतं कुणी यांना?"

"एमिलही हेच म्हणायचा," ट्रूडे म्हणाली. "पदकाचं कौतुक त्याला कधीच नव्हतं. लागलं ते दुकानदाराचं बोलणं. डाव्या पायाची तीन बोटं तिथे ठेवून आला होता, लेनी, आणि सगळ्यांसमोर खोटारडा ठरून आला. पत्रा मीच कापला, डाक मीच दिला. त्याने एकदाच लावली, स्वयंपाकघरात. आरशात बघितलं, काढून ठेवली. पण घरात आहे म्हणून बरं वाटायचं त्याला."

लेनीने मुठीतली फीत बोटांवर आडवी धरून पाहिली. मग तिला एकदम आठवलं.

"ही तर चार बोटं लांब आहे. उरलेली कुठेय?"

ट्रूडे पहिल्यांदाच थोडी ओशाळली. "देत्लेफच्या पतंगाला शेपूट लावली. सात वर्षांचा होता. लाल हवी म्हणून रडत होता."

"पतंगाला."

"पहिल्याच दिवशी झाडात अडकली."

"माझं मुकादमपण," लेनी कोटहाउस म्हणाली, "झाडात." आणि तिने टपावरचा हात काढून तोंडावर ठेवला, कारण बेकरीतली पोरगी अजून बघत होती आणि लेनीला हसू येतंय की दुसरं काही ते तिला स्वतःलाच कळेना.

*

वर येऊन तिने कागद ओढला आणि शाईच्या पेनाने लिहिलं: ही फीत फेब्रुवारी १९५८ मध्ये रोन्सडॉर्फ येथे, सात नंबरच्या मागावर, अकराव्या पट्टीत मी स्वतः विणली. ती नकली नाही. खाली सही केली.

क्लाप्रोटांनी वाचलं. "म्हणजे युद्धानंतरचीच की."

"हो. अस्सल, आणि युद्धानंतरची. तुमच्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र मावत नसतील तर त्याला माझा इलाज नाही. तुमच्या मंडळात जेवढे म्हातारे पदकं लावतात, त्यातल्या निम्म्यांच्या फिती मीच विणल्यात त्या वर्षी."

"पण एमिलला हे पदक मिळालं होतं, याचा पुरावा?"

"ते फितीला विचारू नका!" लेनीचा आवाज असा चढला की शेजारच्या खोलीतला रखवालदार डोकावून गेला. "वीस वर्षं... नाही, चाळीस वर्षं मी हेच ऐकतेय. फीत कधी विणली ते फीत सांगते. कुणाच्या छातीवर होती, तो कसा होता, हे तिला माहीत नसतं. पुरावा पाहिजे तर पेटी बंद व्हायच्या आत जा आणि डाव्या पायातला मोजा काढा. नसलेली तीन बोटं मोजायला दिवा लागणार नाही."

देत्लेफने मान वर केली. "आईने सांगितलं तुम्हाला?" मग तो क्लाप्रोटांकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही, बसमध्ये पुढचा थांबा सांगावा तसा तो म्हणाला, "संचलनात ताल चुकतो म्हणून तुम्हीच त्यांना शेवटच्या रांगेत टाकलं होतंत, हेर क्लाप्रोट. एकोणीस वर्षं शेवटच्या रांगेत चालले ते."

क्लाप्रोटांनी दिवा खिशात घालायचा प्रयत्न केला. तो दोनदा खिशाच्या बाहेरच राहिला. "मला वाटायचं, गुडघा असेल," ते म्हणाले. त्यांनी लेनीचा कागद चार घड्या करून आतल्या खिशात ठेवला, टोपी घातली आणि गेले.

देत्लेफ रेंगाळला. "ही आईने कुठून आणली होती? ती सांगत नाही."

लेनीने कॉफी घेतली. गार झाली होती. "कारखान्यातून," ती म्हणाली. "खराब निघालेला तुकडा होता. जाळायचाच होता."

"मंगळवारी याल? नंतर कॉफी आणि केक आहे. आई करतेय."

"तुमच्या आईचा केक मला माहितीय. कोरडा असतो," लेनी म्हणाली. "येईन."

*

मंगळवारी आभाळ खाली आलं होतं. दफनभूमीच्या उतारावर वाजंत्री संथ वाजत होती. पेटीपुढे काळ्या मखमलीची उशी होती आणि ती क्लाप्रोटांनी स्वतः धरली होती. ते चालत होते सावकाश, फारच सावकाश, आणि मंडळाच्या रांगा त्यांच्यामागे अडखळत, पाऊल आखूड करत येत होत्या. पुढून कोणी त्यांना ताल सांभाळायला सांगितलं नाही.

लेनी वाटेच्या कडेला, ट्रूडेच्या मागे उभी होती. उशी तिच्यासमोरून गेली तेव्हा अंतर आठ पावलांचं असेल. एवढ्यावरून दुसऱ्या कुणालाही लाल रंगापलीकडे काही दिसलं नसतं. तिला ती फट दिसली. उजवीकडच्या पांढऱ्या रेघेला लागून, सरळ, वरपासून खालपर्यंत.

कोटाच्या खिशात तिचा अंगठा आपोआप हलला, धागा धाग्याशी सरकवून ती बुजवायला.