मागचं डावं चाक

सुनीलने घण उचलला आणि ब्रेकच्या ड्रमवर असा हाणला की लिंबावरचे कावळे उडाले. ड्रम तसूभरही हलला नाही. सकाळपासून त्याने सांध्यात डिझेल ओतून पाहिलं होतं, कडेकडेने ठोकून पाहिलं होतं, गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धारही करून झाला होता. बापाची जुनी मारुती टोचन करून आपल्या घरी, राजूरला न्यायची, तर मागची चाकंच जाम.

ओट्यावर मोठा भाऊ संजय ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मदतीला उठला नव्हता, आणि गाडी नेऊ नको असंही म्हणाला नव्हता. फक्त "ने" म्हणाला होता. त्या एका शब्दाने सुनीलचं टाळकं फिरलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"सहा वर्सं सडवली! बापाची गाडी म्हणून एखांदं कापड तरी टाकाचं होतं."

संजयने पुढची शेंग घेतली.

राग गाडीचा नव्हता, हे सुनीलला चांगलं ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात बापाच्या जागी उभं राहायला हा माणूस आला नव्हता. सोयरे मांडवात विचारत होते, "भाऊ कुठी हाये?" आणि बोहल्यावरचा नवरदेव रस्त्याकडे बघत दात खात होता. तेव्हापासून त्याने मुकुटबनच्या या अंगणात पाय ठेवला नव्हता. आज गाडी नेली की मुकुटबनचं नाव टाकलं, असं बायकोला, ममताला, सांगूनच तो निघाला होता.

ड्रमला आट्यांची दोन भोकं होती. त्यांत बोल्ट घालून तो आळीपाळीने आवळत गेला. हातात पाना, तोंडात शिव्या. आत कुठेतरी कडकन वाजलं. आणखी दोन घाव घातले, तसा ड्रम गंजाची पूड सांडत त्याच्या मांडीवर आला.

आतले ब्रेकचे लायनर नवेकोरे होते. कडेला गंज धरला होता, पण झीज नावालाही नव्हती.

"हे कोनं टाकले?"

"म्या."

"चालवाचीच नव्हती तं टाकले कायले?"

संजयने सूप बाजूला सारलं.

"तुह्या लग्नाले याचं होतं. म्हटलं, बाबाच्याच गाडीत जाऊ. तुही वहिनी नवं लुगडं नेसून सकाळपासून गाडीत बसली होती."

"मंग?"

"अक्षत नाई आली, सुनील."

सुनील उसळला.

"घरच्या मानसाले अक्षत देतेत का? तू नवरदेवाचा भाऊ! अक्षता तं तूच वाटाच्या होत्या!"

"वाटनीच्या दिवशी तूच म्हनला होता, आजपासून तुमचं घर येगळं, माह्यं घर येगळं. येगळ्या घरी बिनबोलावता कसा येऊ?"

म्हणाला होता. रागाच्या भरात, चार माणसांसमोर. सुनीलने पाना जमिनीवर आपटला. सहा वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली तो शेंगा सोलत समोर बसला होता, आणि आता संताप येत होता तो स्वतःचाच.

ड्रम त्याने मांडीवरून खाली ठेवला. मग तेलकट बोटांनी त्याने फोन लावला.

"ममता, उद्या इकडे ये. हो, मुकुटबनले. गाडीसाठी नाई... तू ये."

ममताने विचारलं, "त्यायनं बोलावलं का मले?"

सुनीलच्या ओठांवर शिवी आली होती. ती गिळून त्याने फोन संजयपुढे धरला.