तांबडी वस्ती

माहेनूरने बनवलेला खेळ त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी जिंकला, आणि तिला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला तिच्या अब्बांचं, लतीफ यांचं, लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. बी.एस्सी. झाल्यावर माहेनूर तिथंच काम करू लागली. छपाईत चुकलेल्या पत्रिका ती जपून ठेवायची आणि त्यांच्या जाड कागदाचे पत्ते कापायची. वर्षभर तिच्या डोक्यात एकच खेळ होता, 'तांबडी वस्ती'. पुण्याला चुलतभाऊ रिझवानकडे तिनं अशा तऱ्हेचा एक खेळ पाहिला होता. त्यात कुणी कुणाला हरवत नाही; जिंकले तर सगळे जिंकतात, नाहीतर सगळेच जातात. माहेनूरच्या खेळात मंगळावर अडकलेली चार माणसं होती. हवा आणि वीज संपत आलेली, धुळीचं वादळ अंगावर येत असलेलं. यान येईपर्यंत चौघांनीही तग धरायचा. एक जरी गेला तरी खेळ तिथंच खलास.

खेळून बघायला घरातलीच माणसं होती. अब्बा, अम्मी म्हणजे रहिमाबी, माहेनूर स्वतः आणि तिची कॉलेजातली मैत्रीण दिपाली. दिपाली डोंगरकड्याची. बाळापूरला शिकवणीच्या वर्गात ती गणित शिकवायची आणि वर्ग सुटला की थेट इकडं यायची. घरात दखनी उर्दू चालायची, पण दिपाली आली की सगळे आपोआप मराठीवर यायचे.

त्या दिवशी यान आलं, चौघंही वाचली. दिपालीनं टाळ्या वाजवल्या. माहेनूरनं अम्मीला विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला हाय की," रहिमाबी म्हणाल्या.

"तुम्ही काय काय केलं त्यात?"

रहिमाबींनी हातातली सोंगटी खाली ठेवली. "दिपाली सांगंल तसं केलं. ती म्हणली इकडं ठेव, ठेवली. ती म्हणली पाणी दे, दिलं."

अब्बा हसले. "माझंबी तसंच. दिमाग तिचा, हात आपले."

दिपालीही हसली. माहेनूरला मात्र हसू आलं नाही. चौघांसाठी बनवलेला खेळ एकट्या दिपालीनं खेळला होता आणि बाकीचे तिघे नुसते सोंगट्या हलवत बसले होते.

नांदेडला खेळ बनवणाऱ्यांचा एक मेळावा भरणार होता, चांगल्या खेळाला बक्षीसही होतं. तिथं अनोळखी माणसं खेळ खेळणार आणि बनवणाऱ्यानं तोंडातून एक शब्दही काढायचा नाही, असा नियम होता. असा खेळ तिथं न्यायचा नाही, हे माहेनूरनं तिथल्या तिथं ठरवलं.

तिनं नियम बदलले. आता प्रत्येकानं आपले पत्ते आपल्यापाशीच लपवायचे. वस्तीतली रेडिओ यंत्रणा बिघडलेली, म्हणून एका फेरीत प्रत्येकानं एकच वाक्य बोलायचं. बाकी ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं ठरवायचं.

दिपालीनं नियम वाचले आणि तिचा चेहरा उतरला.

"मी लय बोलते म्हणून काढला का हा नियम?"

"तुझ्यामुळं न्हाई. खेळामुळं."

"एकच हाय ते. चांगला जिंकून राहिलो होतो आपण. आता सगळे अंधारात चाचपडणार आन् मरणार." तिनं पर्स उचलली. "मग तुमीच खेळा."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. तिच्या जागी शेजारची रुबीना बसली. खेळ मांडला की हरायचे. कधी हवा संपायची, कधी छत कोसळायचं. माहेनूर एखादा पत्ता काढून टाकायची, दुसरा घालायची, परत मांडायची. अब्बा म्हणाले, "बेटा, जुनाच नियम बराबर होता. लोकांना जिंकायला आवडतं." पण माहेनूर दुकानात गिऱ्हाईक नसलं की कटिंग मशीनवर नवे पत्ते कापत राहिली.

एवढं करूनही दिपालीची जागा भरून निघत नव्हती. एका सकाळी माहेनूर बस धरून डोंगरकड्याला गेली.

दिपालीचे वडील मुंजाजी शेरडं सोडायच्या तयारीत होते. "ये माय," म्हणाले, "काय झालंय तुमचं? पोरगी घरात तोंड फुगवून बसलीय." दिपाली करडांना पाला टाकत होती. माहेनूर तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू काहून आलीस?" दिपालीनं विचारलं.

"तुझ्यावाचून अडलंय म्हणून."

"मला गप बसवायला?"

"व्हय," माहेनूर म्हणाली. दिपालीनं चमकून पाहिलं. "खरं सांगते. तू बोलली की बाकीचे विचार करायचं सोडतात. अम्मी आयुष्यभर दुसरा सांगंल तसंच करत आली. माझ्या खेळात तरी तिनं सोता ठरवावं. चुकली तर चुकू दे."

"आन् तिच्या चुकीनं मी मेले तर?"

"तर मरायचं. पण तू खेळात हवीस."

दिपालीनं एका करडाच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "वर्ग सुटल्यावर येते. पण जीभ चावून बसावं लागंल मला."

ती आली. रुबीना कडेला बसून बघू लागली. दिपालीकडं गाडी चालवणाऱ्याची सोंगटी होती, रहिमाबींकडं झाडं सांभाळणाऱ्या बाईची. वस्तीतली हवा त्या झाडांवरच चालत होती. दिपाली बॅटरी आणायला वस्तीबाहेर पडली आणि पुढच्याच पत्त्याला वादळ आलं. रहिमाबींकडं विजेची एकच चकती उरली होती. ती झाडांना द्यायची, नाहीतर दारावरचा दिवा लावायला. दिवा लागला तर दिपालीला परतीची वाट सापडणं सोपं होतं.

त्या फेरीचं आपलं एकमेव वाक्य दिपालीनं वापरलं. "चाची, वीज झाडांना द्या, मी येते कशीबशी."

रहिमाबींनी माहेनूरकडं पाहिलं. "काय करू गं?"

माहेनूरनं ओठ घट्ट मिटले. अब्बांनी घसा खाकरला, पण तेही गप्प राहिले. रहिमाबींनी चकती झाडांवर नेली, थांबल्या आणि उचलून दिव्यावर ठेवली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगी बाहेर हाय."

दिपालीनं फासा टाकला. चार पडले. दिव्यामुळं तेवढे पुरले आणि ती आत आली. सगळे ओरडले. पण झाडं वाळली होती. यान यायच्या एकच फेरी आधी हवा संपली आणि चौघंही गेली.

"हिशेबानं चुकलंच ते, चाची," दिपाली म्हणाली. "पण मी बाहेर असताना तुमी दिवा लावला."

"चुकलं तर चुकलं," रहिमाबी पदर खोचत म्हणाल्या. त्यांच्या गालांवर लाली चढली होती. "मला आता कळलंय कुठं चुकलं ते. वीज आधीपासून राखून ठेवाया पायजे. मांड पुन्हा. आता झाडंबी वाचवते आन् हिलाबी."

त्या डावात काही जमलं नाही. त्या आठवड्यात कधीच जमलं नाही. पण आता हरल्यावर चौघं भांडायची, एकमेकांना आपापले पत्ते दाखवून कुठं काय करायला हवं होतं ते सांगायची, आणि त्यात रहिमाबींचा आवाज सगळ्यात चढा असायचा. एका शुक्रवारी, जेवणाची ताटं तशीच ठेवून खेळताना, यान उतरलं. शेवटची चाल अब्बांची होती, आणि ती त्यांना कुणीच सांगितली नव्हती.

नांदेडच्या मेळाव्याला माहेनूर आणि दिपाली दोघी गेल्या. चार अनोळखी माणसं खेळायला बसली. त्यातला एक सुरुवातीलाच सगळ्यांना हुकूम सोडायला लागला, तशी समोरच्या मुलीनं नियमाच्या पत्त्यावर बोट ठेवलं. मागं उभ्या दिपालीनं माहेनूरचा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. ते चौघे हरले आणि दुसरा डाव खेळायला बसून राहिले.

'तांबडी वस्ती'ला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकजण म्हणाले, बोलण्यावरचं बंधन काढा, खेळ सोपा होईल, जास्त लोकांना आवडेल. माहेनूरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते न्हाई काढणार, सर. बाकी सांगा, काय बदलू?"

ते हसले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. वादळाचे पत्ते फार लवकर येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दिपालीनं पिशवीतून पत्त्यांचा गठ्ठा काढला आणि तिघांनी तो तिथंच टेबलावर पसरला.