विमानाला वाट

तिलीआताईने हातमोजे काढले, माझ्या अंगावर फेकले आणि गोल सोडून चालू लागली.

“आता कुठे?” इओआने सर ओरडले. “पेनल्टीची प्रॅक्टिस चाललीय ना?”

“विमान लवकर येतंय, सर. वारा मागून आहे.”

“अगं, मग गोलात कोण उभं राहणार? माझी सासू?”

“बोलवा की. त्यांच्या बाजूने काही आत जायचं नाही.”

सरांच्या सासूबाई किती रुंद आहेत हे अख्ख्या फुनाफुती बेटाला ठाऊक आहे, त्यामुळे सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. सरही हसले. काय करणार? त्यांच्या संघाची गोलकीपर आणि विमानतळावरची भोंगेवाली एकच बाई होती. देश आमचा केवढा, त्यात उंच बाया किती, आणि त्यातल्या चेंडूला न घाबरणाऱ्या किती!

पाच मिनिटांत भोंगा झाला. आम्ही अकराजणी, पलीकडची व्हॉलीबॉलवाली मंडळी, मोटारसायकलवरून चाललेलं एक जोडपं आणि दोन डुकरं, सगळे धावपट्टी सोडून पळालो. भोंगा झाला की पळायचं, हे आमच्याकडे मूल चालायला लागलं की शिकतं. बेटावर मैदान एकच, ते पुरुषांच्या संघाने धरून ठेवलेलं. आम्हाला धावपट्टी. गोलाला तेलाची दोन पिंपं, आणि पडलं की गुडघ्याची साल डांबराला.

भोंगा वाजवून तिलीआताई धावपट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. ती रोज अशीच उभी राहते. शेवटचं माणूस बाहेर गेल्याशिवाय ती हलत नाही.

“मानाएमा, ती चप्पल कुणाची? उचल आधी!”

चप्पल माझीच होती. उचलली. मग विमान उतरलं.

एकोणीस वर्षं ती हे काम करत होती. त्या एकोणीस वर्षांत आमच्या धावपट्टीवर एका कोंबडीलाही खरचटलं नाही. याचं कौतुक मात्र कुणी कधी केल्याचं मला आठवत नाही. अपघात झाला असता तर नाव निघालं असतं; झाला नाही, त्याचं नाव कोण काढतो? नाव निघायचं ते गोलांवरून. अकरा वर्षांत देशाच्या संघाचे जेवढे सामने झाले, तेवढे सगळे ती खेळली आणि तेवढे सगळे आम्ही हरलो. सतरा, अकरा, चौदा. आम्ही बचाव करणाऱ्या वाऱ्यावर, आणि मागे ती एकटी. पण लोक म्हणायचे, “तिलीआने दार उघडंच ठेवलं वाटतं!”

आणि तिची आई, सगळं बेट जिला फिलिगा आजी म्हणतं ती. आमच्याकडे विमान आलं की निम्मं बेट विमानतळावर येतं, कामधाम असो-नसो. दौऱ्यावरून आम्ही परतलो की ही म्हातारी सगळ्यांच्या पुढे, मांडीवर फुलांचा मुकुट घेऊन बसलेली. रेडिओवर तिला सगळं कळलेलं असायचं, तरी लेकीच्या तोंडून ऐकायचं असायचं.

“किती?” ती खणखणीत आवाजात विचारायची.

“सतरा, आई.”

“सतरा! अगं, मासे धरायला जाळं टाकलं असतंस तर एवढे मिळाले नसते!”

लोक खो-खो हसायचे. मग म्हातारी लेकीच्या डोक्यावर मुकुट ठेवायची आणि दोघी घरी जायच्या. तिलीआताईही हसायची. मी तिची मावसबहीण, लहानपणापासून तिला बघतेय. ती कशी हसते ते मला कळतं.

समुद्रापलीकडच्या सुवा शहराच्या दौऱ्याला निघालो तेव्हा मी विमानतळावर काट्याशी होते. विमान लहान, म्हणून सामानाबरोबर माणसांनाही तोलायचं, हे माझं नोकरीचं काम. संघाबरोबर मलाही जायचं होतं, पण आधी सगळ्यांना तोलून मग स्वतः काट्यावर चढायचं. तिलीआताई चढली. मी आकडा लिहिला.

“मानाएमा,” ती हळूच म्हणाली, “सरांनी सांगितलंय, हा माझा शेवटचा दौरा. पुढच्या वर्षी गोलात ती वाइतुपू बेटावरची पोर.”

मला माहीत होतं. सर आदल्या दिवशी मलाच सांगून रडकुंडीला आले होते.

“तीन सामने आहेत,” ती म्हणाली. “जिंकूया असं मी म्हणत नाही, मला वेड लागलेलं नाही. पण त्यातल्या एकाला, फक्त एकाला, आईने ‘किती’ विचारलं की ‘एकही नाही’ असं सांगायचंय. मरायच्या आत तिने एकदा ते ऐकावं.”

“कोण मरायच्या आत? तिचा आवाज ऐकलास का? ती आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल.”

“मी मरायच्या आत,” ती म्हणाली आणि काट्यावरून उतरली.

भोंग्याची किल्ली तिने विमानतळाच्या आगीच्या बंबावरच्या म्हाताऱ्या ताविताकडे दिली होती. देताना दहा सूचना दिल्या. विमानाच्या पायरीवरून अकरावी दिली.

सुवात पहिला सामना यजमानांशी. नऊ. दुसरा कुक बेटांशी. सहा. त्या रात्री जेवताना ती माशाचे काटे काढत बसली, मासा खाल्लाच नाही. सर म्हणाले, “सहा म्हणजे सुधारणाच आहे.” त्यांच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की ते उठून हात धुवायला गेले.

तिसरा सामना टोंगाशी. टोंगाच्या पोरी धिप्पाड, आणि पुढे खेळणारी मेले म्हणून होती ती तर आली की जमीन हलायची. पण त्या दिवशी तिलीआताईच्या अंगात काय संचारलं होतं देव जाणे. पहिला चेंडू तिने पोटाने अडवला, दुसरा गुडघ्याने, तिसरा तोंडाने. नाकातून रक्त आलं. सर कापूस घेऊन धावले तर म्हणते, “बाजूला व्हा, दिसत नाही मला.” मध्यंतराला पाटी कोरी. आमच्यापैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोललं की दृष्ट लागेल अशी सगळ्यांना भीती.

मध्यंतरानंतर आम्हीही पेटलो. मी आयुष्यात एवढी धावले नव्हते. ऐंशी मिनिटं झाली. पाटी कोरीच. तिलीआताई मागून ओरडत होती, “मानाएमा, डावीकडे! लाज वाटू दे, डावीकडे!” आणि मी डावीकडे जात होते.

आणि तेवढ्यात भोंगा झाला.

मैदानामागच्या रस्त्यावरून आगीचा बंब चालला होता. शहरच ते, कुठेतरी काहीतरी पेटलं असेल. पण हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी कानावर भोंगा पडला, एवढंच. माझ्या पायांनी मला विचारलंसुद्धा नाही. मान खाली घातली आणि मी सरळ रेषेबाहेर पळाले. बघते तर शेजारी लिता, तिच्यापुढे आमची कॅप्टन, झाडून सगळ्या दहाजणी बाहेर! राखीव पोरींनी तर बाकडंसुद्धा उचलून मागे नेलं. आणि सर? सरही पळाले होते. हातात पाण्याचा डबा होता, तो घेऊन.

आता तिलीआताई. ती पळाली नाही. ती कधीच पळत नाही. भोंगा झाला की तिचे पाय उलटे, आत जातात. गोल सोडून ती मैदानाच्या मधोमध आली, दोन्ही हात पसरले आणि कोण राहिलंय ते बघू लागली. एक बाई राहिली होती. मेले. पायात चेंडू घेऊन.

“बाहेर हो, बाई!” तिलीआताई तिच्यावर ओरडली. “विमान येतंय, दिसत नाही का? बाहेर!”

मेले बिचारी दचकून थांबलीच. आमच्याकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं, वर आकाशाकडेही पाहिलं. मग तिलीआताईच्या पसरलेल्या हाताखालून वाकून पुढे गेली आणि रिकाम्या गोलात चेंडू हलकेच ढकलला. जोरात मारायचीही तिला लाज वाटली असावी.

पंचाची शिट्टी झाली तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो. आधी लिताला हसू फुटलं, मग मला, मग हसून हसून आम्ही रेषेबाहेर लोळायलाच लागलो. तिलीआताई मात्र मैदानाच्या मधोमध तशीच उभी होती. तिचे हात हळूहळू खाली आले. तिचा चेहरा पाहिला आणि माझं हसू जागच्या जागी आटलं. फार वाईट वाटलं मला. दहा मिनिटं उरली होती हो, फक्त दहा.

सामना त्या एका गोलावरच संपला. नंतर मेले आमच्याकडे आली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, “तुम्ही पळालात का?” मी सगळं सांगितलं: धावपट्टी, भोंगा, एकोणीस वर्षं. ती आधी खूप हसली. मग तिलीआताईपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे भोंगा झाल्यावर तुमच्या देशात कुणीच आत राहत नाही?”

“कुणीच नाही,” तिलीआताई म्हणाली.

“आमच्याकडे भोंगा झाला तरी माणसं रस्त्यात तशीच उभी राहतात,” मेले म्हणाली आणि तिला घट्ट मिठी मारली.

परतीच्या विमानात तिलीआताई खिडकीशी बसली. मी तिला म्हटलं, “खोटं सांग. म्हातारीला काय कळतंय!”

“रेडिओवर सांगितलं असेल सगळं. आणि खोटं बोलून मिळवलेलं शून्य काय चाटायचंय?”

फुनाफुतीला उतरलो. निम्मं बेट हजर. सगळ्यांच्या पुढे फिलिगा आजी, मांडीवर मुकुट.

“किती?”

“पहिल्यात नऊ, आई.”

“मग?”

“सहा.”

“मग?”

तिलीआताईने नाक ओढलं आणि म्हणाली, “एक.”

“खोटं!” म्हातारी कडाडली. “मी ऐकलंय रेडिओवर. भोंगा झाला होता की नव्हता?”

“झाला होता.”

“मैदान मोकळं केलंस की नाही?”

“केलं.”

“मग तू विमानाला वाट दिलीस. त्याला गोल कोण म्हणतं?” म्हातारी काठी टेकत उठली आणि लोकांकडे वळून ओरडली, “ऐकलंत ना रे? एकही नाही! माझ्या लेकीने एकही जाऊ दिला नाही!”

मग जो गलका झाला! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पत्र्याचे डबे बडवले, तावितानं बंबाची घंटा वाजवली. म्हातारीने मुकुट लेकीच्या डोक्यावर ठेवला, आणि तिलीआताई आईच्या खांद्यावर डोकं टेकून सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. मीही रडले. सर तर आधीपासूनच रडत होते.

पण विमान थोडंच कुणासाठी थांबतं? त्याची परत उडायची वेळ झाली. ताविता गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्या हातात किल्ली कोंबली. “घे बाई तुझी तू. दहा दिवस वाजवला भोंगा, पण माझं काही कुणी ऐकत नाही. परवा तर एक माणूस चटई घेऊन निजला होता मध्येच.”

“कोण तो?” तिलीआताईने डोळे पुसत विचारलं. गर्दीत एकाने मान खाली घातली.

तिने पिशवीतून हातमोजे काढले. या वेळी अंगावर फेकले नाहीत. नीट जोडून माझ्या हातात ठेवले. “त्या वाइतुपूच्या पोरीला दे. अंगठ्याशी जरा सैल होतील म्हणावं, आत कापूस घाल.”

आणि ती भोंग्याकडे गेली.

भोंगा झाला. आम्ही सगळे पळालो. मी, सर, मोटारसायकली, डुकरं, आणि काठी टेकत फिलिगा आजीसुद्धा. तिलीआताई धावपट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली. डोक्यावर फुलं, मोकळे हात दोन्हीकडे पसरलेले. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. कुणी राहिलं नव्हतं.

मग तीही बाजूला झाली.