पाहुण्याची भूक

परग्रहावरचा पाहुणा उतरला तो आमच्या निर्मळ गावात, कमळीकाकीच्या केळीच्या बागेत. दुधी भोपळ्याएवढा जीव, भुकेने अर्धमेला. काकीने चहा दिला, पाव दिला, केळी सोलून दिली. त्याने कशालाच तोंड लावलं नाही. शेवटी वैतागून ती त्याच्याजवळ बसली आणि बोलत सुटली. बोअरचं पाणी खारं झालंय, नवरा गेला, लेक चिराग इथे जवळच चंदनसारला राहतो, तरी उगवतो गणपतीलाच. ऐकता ऐकता पाहुणा गुटगुटीत झाला. माणसाने मनापासून बोललेलं, हेच त्याचं अन्न.

काकीला तरी ऐकणारं कोण होतं? आम्ही शेजारी बागेच्या वाटेने जायचो, तेसुद्धा घाईत. आता ती दिवसभर बोलायची. अंगणातून तिचं हसणं ऐकू यायचं आणि आम्हाला चक्क हेवा वाटायचा.

मग बातमी फुटली. एका पक्षाने पाहुणा आपल्याच पाठपुराव्याने आल्याचे बॅनर लावले. दुसऱ्याने तो आपला जुना कार्यकर्ता असल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडच्या बॅनरवर हात जोडलेला चिराग होता. अखेर सत्कार एकत्र ठरला.

पाहुण्याला शालीत गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि भाषणं सुरू झाली. विकास झाला, अस्मिता झाली. त्यातलं एक अक्षर त्याच्या पोटात जाईना. तो आकसत चालला.

"भावुक झालेत," माजी नगरसेवक विघ्नेशराव म्हणाले.

काकी धावत व्यासपीठावर गेली. "अवो, भुकेला हाय तो. मला बोलू द्या, नायतर मरंल."

विघ्नेशरावांनी कौतुकाने माईक दिला. समोर अख्खं गाव. काकी जन्मभर आमच्याच सभा ऐकत आलेली. एखादं नाव राहिलं की माणसं वर्षभर बोलत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक. "व्यासपीठावरचे मान्यवर," तिने सुरुवात केली. आजी नगरसेवक, माजी, भावी, मंडळाचे अध्यक्ष, सल्लागार. मागून कुणी ना कुणी राहिलेलं नाव कुजबुजत होतं, आणि ती तेही घेत होती.

नावं संपवून ती वळली, तेव्हा शालीत लिंबाएवढा पाहुणा होता, थंडगार.

काकी तिथेच खाली बसली. त्याला मांडीवर घेऊन बोलू लागली, पाण्याचं, नवऱ्याचं, रिकाम्या घराचं. तो फुगला नाही. माईक चालूच होता. आम्ही सगळं ऐकलं आणि खाली बघत राहिलो.

तेवढ्यात चिराग वर आला. काकीला वाटलं, लेक जवळ बसायला आला. तिने पदर सावरून जागा केली.

तो वाकून हळूच म्हणाला, "आये, सगळ्यांची नावं घेतलीस. माझंच राहिलं."