मिंगेल मास्तरांचा बास

"आत एक काडी होती. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब. कुठाय ती?"

मिंगेल मास्तरांनी पंचाक्षरी सुताराला विचारलं. काडी त्यानं पाहिली होती. काल वाद्य उताणं केलं तेव्हा ती खुळखुळत बाहेर पडली. फुटक्या खोक्याचा तुकडा समजून त्यानं ती सरसाच्या भांड्याखालच्या जाळात सारली, आणि त्याच सरसानं वाद्याची उकललेली पाठ चिकटवली.

"जळाली, मास्तर," तो म्हणाला. खोटं बोलणं जमलं असतं तर जन्मभर बैलगाड्या कशाला जोडत बसला असता.

मास्तरांनी वाद्याच्या पोटावर हात ठेवला. "तिच्याविना तारा ताणल्या तर ह्याचं पोट आत बसेल. पोटातला आवाज पाठीला तीच पोचवते."

जहागीरदारांच्या लेकाच्या लग्नाला हैदराबादेहून बँड आला होता. त्यातल्या मिंगेल मास्तरांचा हा पुरुषभर उंचीचा, खर्जात वाजणारा डबल बास वाटेत गाडीतून कलंडला. मार्तंडराव कारभाऱ्यांनी तो पंचाक्षरीच्या दारात टाकला, कारण पंचाक्षरीचा हात दगडाखाली होता. त्याचा धाकटा भाऊ महालिंगप्पा तीन दिवस चावडीत कोंडलेला. गुन्हा काय, तर स्वतःच्याच बांधावरची बाभूळ तोडली, आणि कारभारी म्हणे ती जहागिरीची. 'दुपारच्या मेजवानीत वाजलं तर भाऊ घरी, नाहीतर उद्या तुरुंगात,' एवढंच ते आज सकाळी बोलून गेले होते.

"लाकूड कसलं लागतं?" पंचाक्षरीनं विचारलं.

"हलकं, सुकं, सरळ रेषांचं."

घरात होती बाभूळ, शिसव आणि साग, एकजात जड. त्याची बायको इरम्मा दारातून ऐकत होती. ती आत गेली आणि आपली माहेरची देवदारी पेटी घेऊन आली.

"ह्याची पट्टी कापा," ती नवऱ्याला म्हणाली. "आधी भाऊजी घरला येऊ द्या."

काडी तासली, पण बसवायची बासच्या पोटावरच्या फटीतून, वाकड्या तारेनं, आंधळ्यासारखी. तीनदा पडली. ऊन अंगणात आलं. चौथ्या खेपेला ती उभी राहिली. मास्तरांनी तारा चढवून एक छेडली, तो सूर पंचाक्षरीला कानाआधी तळपायात कळला.

मेजवानीच्या वेळी तो हवेलीच्या पायरीशी, जोड्यांजवळ उभा होता. बँड रंगात आला होता. कारभारी पान चघळत बाहेर आले.

"तुझं ते धूड मुकंच आहे की रे. तो नुसता हात हलवतोय. मला एक सूर ऐकू आला नाही."

"वाजतंय, मालक. समद्यांच्या खालून वाजतंय."

"खालून?" कारभारी हसले. "मग भावालाही असंच सोडू, कुणाला दिसणार नाही असं. उद्या तुरुंगात जाईल तो."

पंचाक्षरीनं पायरीवरूनच मास्तरांकडे पाहिलं. बोलणं मास्तरांच्या कानावर गेलं नसेल, पण त्याचा चेहरा त्यांना दिसला. त्यांनी गज तारेवरून उचलला आणि स्वस्थ उभे राहिले.

फिडली वाजतच होत्या, पण गाणं पाणी घातलेल्या ताकासारखं झालं. जेवणारांचे हात थांबले. जहागीरदार वळले. "क्या हुआ रे? गाने की जान कायकू निकल गई?"

मास्तरांनी गज पुन्हा टेकवला. फरशी पुन्हा घुमू लागली. कारभाऱ्यांनी पान गिळलं आणि जहागीरदारांनी आणखी काही विचारायच्या आत शिपायाला म्हणाले, "सोडा त्या सुताराच्या भावाला."

बँडच्या मुख्यानं मात्र भर मेजवानीतला तो खंड माफ केला नाही. पंगत उठायच्या आत मास्तरांना कामावरून काढलं.

महालिंगप्पाला घेऊन पंचाक्षरी वेशीपाशी आला, तर मास्तर बास धरून उन्हात उभे. कारभाऱ्यांच्या धाकानं एकही गाडीवाला त्यांना घ्यायला तयार नव्हता.

"ह्ये कोण?" महालिंगप्पानं विचारलं.

"आपला माणूस हाय," पंचाक्षरी म्हणाला. "त्या अंगानं धर."

"अरे, गाडी मिळेल ते मुरुम गाव दोन कोस आहे, मिस्त्री," मास्तर म्हणाले.

"व्हय. तुमी म्होरं चला."

मठाची पालखी घेतात तसं दोघा भावांनी ते वाद्य खांद्यावर घेतलं. वाटेत त्यांनी खांदे बदलले, ओढ्याला पाणी प्यायले, तेही एकेक करून. मुरुम येईपर्यंत त्यांनी ते जमिनीला टेकवलं नाही.